एफ नसलेला बोल्ट

फोर्डनं त्या वर्षांत बोल्टच्या डोक्यावर
एक एफ उठवला, तांदळाएवढा.
खिशात भिंग, पाठीखाली पोतं,
मी जीपखाली शिरतो तो एवढ्यासाठीच.
एफ दिसला की भाव चढतो.
नाही दिसला की मी नुसतं "हं" म्हणतो,
आणि मालकाचा चेहरा पडतो.

आर्डेनच्या चढावर, ओदिल कोलिनेच्या गोठ्यात
जीप उभी होती कोंबड्यांच्या ताब्यात.
ड्रायव्हरच्या सीटवर एक खुडूक,
म्हणजे थेट पेट्रोलच्या टाकीवरच.
(टाकी तिथेच असते, सीटखाली.
युद्धात पोरं तिच्यावर बसून सिगारेटी ओढत.)
रंगाचे थर मी नखानं उकरले.
वर निळा, तिचा नवरा डेअरीला दूध घालायचा तेव्हाचा,
त्याखाली लाल, गावच्या बंबवाल्यांचा,
मग पांढरा, तो का ते तिलाही आठवेना,
आणि तळाशी तो, ज्याचे लोक पैसे मोजतात:
शिळ्या पालकाच्या भाजीचा हिरवा.

"चौदा हजार," ती म्हणाली.
मी हसलो.
"नऊ."
"कोंबड्या धरून?"
"कोंबड्या तुम्हालाच."
"मग साडेतेरा."
दीड तास घासाघीस. मध्ये कॉफी,
मध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन,
मध्ये ब्रसेल्सचा एक पुतण्या, जो बावीस सहज येतील म्हणतो.
हा पुतण्या जन्मलाच नसावा.
माझाही एक भागीदार आहे तसाच,
फार कडक, आणि कायम गैरहजर.

साडेअकरावर अडलो तेव्हा मी पुन्हा गाडीखाली.
इंजिनाच्या डाव्या टेकूला एक बोल्ट, परका,
जाड, चौकोनी डोक्याचा.
"हा कुठला?" मी खालून ओरडलो,
अकरा हजारांच्या आवाजात.
तिचे रबरी बूट जवळ आले.
"तो लेओपोलचा. नांगराचा आहे.
त्रेसष्टच्या थंडीत दवाखान्यात निघालो होतो, माझे दिवस भरलेले.
वळणावर इंजिन टेकू सोडून खाली बसलं.
हा बर्फातून चालत घरी गेला, नांगर सोडवला, परत आला.
या गाडीचे दिवे उलटे वळतात ना,
आपलंच इंजिन बघायला,
त्या उजेडात बसवला त्यानं.
मी आत होते. मला फक्त त्याची टोपी दिसत होती."
"पोचलात वेळेवर?"
बूट थोडा वेळ जागीच होते.
"बारा," ती म्हणाली. "बारा, नाहीतर राहू दे."

मी बारा दिले.

लिएजच्या वर्कशॉपात निळा गेला, लाल गेला,
पांढरा गेला. बॉनेटवर तारा आला, स्टेन्सिलनं.
टेकूला एफचा बोल्ट बसवला,
एका डच माणसाकडचा, नग साडेसहा युरो.
डिसेंबरच्या मेळ्यात रॉटरडॅमचा दातांचा डॉक्टर आला,
कॉर्पोरलच्या गणवेशात, इस्त्रीची घडी न मोडलेली.
त्याच्याही खिशात भिंग.
तासभर गाडीखाली होता, उठला तो खूश होऊन.
"एकही परका नाही," म्हणाला.
एकोणीस हजार.

नांगराचा बोल्ट माझ्या टेबलावर पडून होता.
एकदा पाकिटात घालून वजनही केलं.
चिठ्ठीत काय लिहायचं ते सुचेना,
तेव्हा पाकीट विजेच्या बिलाला वापरलं.

मार्चमध्ये तिचा फोन.
कोंबड्या अंडी घालेनात, त्यांना ती सीट हवीय.
सीट रॉटरडॅमला आहे हे मी बोललो नाही.
माझ्याकडे एक होती, फिलिपिन्सची, हुबेहूब.
म्हटलं, तीच आहे, रविवारी घेऊन येतो.
"किती घेशील?"
मी गप्प. पहिला आकडा आपण बोलायचा नसतो.
"सहा अंडी," ती म्हणाली.
"बारा," मी म्हणालो, सवयीनं,
आणि बोल्ट कोटाच्या खिशात टाकला.